जर-तर नसलेला साचा

१२ मे, सोमवार

माझ्या लेकीच्या, संस्कृतीच्या, जुन्या दुरेघी वहीत मागची चाळीस पानं कोरी निघाली. ही वही आता माझी. दुपारी दुकान बंद असतं, अण्णा आतल्या खोलीत घोरतात, तेवढा दीड तास मला कुणी हाक मारत नाही.

आज जेवताना अण्णा म्हणाले, "आपल्या समाजाच्या वधू-वर मंडळाची साइट करायची हाय. छापील सूची बंद. पंधरा जूनला बीडला मेळावा हाय, तिथं उघडायची. मी शब्द दिलाय, आमची शिवू करती म्हणून." मला विचारलं नाही. अण्णा विचारत नसतातच. पण या वेळी राग आला नाही. उठून नाचावंसं वाटलं, पण समोर भाकरी होती.

कारण असं की पुण्यात कोर्स करताना माझ्या बाकावर बसायची ती उज्ज्वला आता संभाजीनगरला एका कंपनीत आहे. ती म्हणाली, "एक तरी चालू साइट दाखव बाई. नुसत्या सर्टिफिकेटला कोण विचारतं? जूनअखेर दाखव, मी तुझं नाव पुढं करते." घटस्फोट होऊन दोन वर्षं झाली. दोन वर्षं मी माहेरी, नांदूरघाटात, अण्णांच्या किराणा दुकानावर बसून साबुदाणा मोजतेय. ही साइट झाली तर मी आणि संस्कृती संभाजीनगरला. एक खोली, एक शाळा, बास.

हे अण्णांना सांगितलेलं नाही. ते "एकटी बाई लेकरू घेऊन कुठं जाती?" म्हणतील आणि विषय संपेल.

१४ मे

पुण्यात शिकलेलं मोठं टूल टाकायला घेतलं. सकाळी आठला सुरू केलं, अकराला लॅपटॉप इतका तापला की वर पापड भाजला असता. मग जो अडकला तो अडकला. लॅपटॉप जुना, रेंज गच्चीवर, लाइट तिच्या मर्जीनं. हत्तीला म्हशीच्या गोठ्यात बांधायला निघाले होते मी.

मला लागतंय तरी काय? स्थळं चारशेच्या आसपास. प्रत्येकाचं एक पान. सगळ्या पानांचा साचा एक, फक्त नाव-गाव-उंची-शिक्षण वेगळं. केजचा प्रेसवाला लग्नपत्रिकेचा मजकूर तयारच ठेवतो आणि नावं तेवढी बदलतो, तसं. साचा करणारं एखादं हलकं टूल पुरे आहे.

दोन सापडली. एक मधलं, त्यात सगळं जमतं. "जर असं असेल तर हे दाखव, नसेल तर ते दाखव" अशा अटी घालता येतात. दुसरं अगदी पिटुकलं. त्याला जर-तर कळतच नाही. साच्यात महिरपी कंसात 'नाव' लिहायचं, ते माहितीच्या तक्त्यातलं, म्हणजे शीटमधलं, नाव उचलून तिथं ठेवतं. वजन म्हणाल तर एका फोटोएवढं नाही. पण उद्या कुणी काही जास्तीचं मागितलं तर? काहीच ठरेना.

१७ मे, शनिवार

ठरलं. आणि कशामुळं ठरलं ते इथंच लिहिते, बाहेर बोलायची सोय नाही.

मंडळाचे चिटणीस सिदूमामा आले होते. नात्यानं मामा नाहीत, पण गावभराचे मामा. चहा बशीत ओतत म्हणाले, "पोरी, एक बघ. घटस्फोटित आन् विधवा मागच्या पानांवर गेल्या पाह्यजेत. छापील सूचीत तसंच असतंय. रंग बी येगळा दे. म्हंजी लोकांना कळतंय, टाइम जात न्हाई."

मी तिथंच उभी होते. माझ्याकडं बघून ते जरा अडखळले, मग म्हणाले, "तुझं न्हाई म्हणत मी."

"मामा, या टूलला तसं जमत न्हाई," मी म्हणाले.

"कावून?"

"त्याला जर-तर कळत न्हाई. सगळ्यांना एकच साचा."

"मग कळणारं घे की!"

"ते लॅपटॉपला झेपत न्हाई."

मधलं टूल झेपतं. चांगलं झेपतं. पण मी पिटुकलंच घेतलं, आणि हे सांगताना मला काडीची लाज वाटत नाही. बी.ई. झालेली कोवळी पोरगी असो की माझ्यासारखी परत आलेली, पान एकच, रंग एकच, फोटोची चौकट तेवढीच. सिदूमामा कुरकुरत गेले. मी दिवसभर गुणगुणत होते.

अण्णा मात्र हसले. "बराबर हाय. सगळे सारखेच दिसू दे," म्हणाले. अण्णा माझ्या बाजूनं बोलतील असं स्वप्नातही वाटलं नव्हतं.

२१ मे

घरात सगळे माझ्याशी लई चांगलं वागताहेत. कामाला किंमत येते ती अशी.

केदारदादानं संस्कृतीचं पहिलीचं नाव गावच्या शाळेत घालून टाकलं. कागदपत्रं, फोटो, सही, सगळं तोच करून आला. मला उन्हात जावंसुद्धा लागलं नाही. संभाजीनगरला जायचं ठरलं की दाखला काढू, त्यात काय. आणि गंगासागर वहिनी तर तिला खालीच ठेवत नाही. तीन फ्रॉक आणले, वेण्या घालते, दुपारी स्वतःजवळ निजवते. लग्नाला नऊ वर्षं झाली, पदरात लेकरू नाही, जीव लावते बिचारी. "तुमी तुमचं काम करा ताई, हिची काळजी नका करू," म्हणते.

मी पण बिनघोर साच्यात डोकं घालून बसते. आज रकाने पक्के केले. नाव, जन्मतारीख, उंची, शिक्षण, व्यवसाय, वैवाहिक स्थिती, अपत्य, अपेक्षा.

२५ मे, रविवार

वडवणीहून मंडळाची माणसं आली होती. अण्णा म्हणाले, "तिकडच्या शाखेचे हायेत, साइट बघायला आलेत. जरा बरी साडी नेस. समाजापुढं गबाळं दिसू नये."

बद्रीनाथ म्हणून एक चाळिशीचे गृहस्थ, हार्डवेअरचं दुकान आहे. आणि त्यांची आई भिवराबाई. मी लॅपटॉप उघडून साचा दाखवला, पान कसं दिसेल ते दाखवलं. बद्रीनाथ दोनदा "छान हाय" म्हणाले, नंतर खाली सतरंजीकडं बघत बसले. म्हातारी पडद्यापेक्षा माझ्याकडंच जास्त बघत होती. नजर कमजोर असेल. मला विचारलं, "स्वयंपाक करतीस का दिसभर ह्येच?" मी म्हणाले, दोन्ही. दुकानावर बसायची सवय आहे म्हटल्यावर तिला बरं वाटलं.

दादा नेमका आजच संस्कृतीला घेऊन मांजरसुंब्याला गेलता, ढाब्यावर आइस्क्रीम खायला. मी म्हणाले, सुट्टीचा दिवस, तेवढीच पोरीला गंमत.

उज्ज्वलाला साच्याचा फोटो पाठवला. "मस्त गं! चालू कधी करतेस?" असं उत्तर आलं. सारखं तेच वाचतेय.

२९ मे

सिदूमामांची शीट आली. तीनशे ब्याऐंशी ओळी. त्यांच्या पुतण्यानं टाइप केलीय. मी वाचत बसणार नाही, डोळे जातील. पहिल्या पाच ओळींवर साचा चालवून बघितला. पाच पानं पटापट तयार झाली. टाळ्या वाजवल्या मी, एकटीच.

अण्णा मागं येऊन उभे होते. "शीटमधी जे लिव्हलंय तेच येतंय ना? तू त्यात काय बदलत न्हाईस ना?"

"न्हाई अण्णा. शीटला मी हातच लावत न्हाई. आहे तसं उचलतं ते."

"शाब्बास," म्हणाले, आणि डोक्यावर हात ठेवला. लहानपणी चौथीत पहिली आले तेव्हा ठेवला होता, त्यानंतर आजच.

४ जून

आज एक गंमत झाली. गंमतच म्हणायची.

संस्कृती अंगणात भातुकली मांडून बसली होती. मी म्हणाले, "ये, आई वेणी घालते." तर म्हणाली, "आई आत हाय. तू आत्या."

मी हसले. "कोण म्हणलं गं?"

"आजोबांनी शिकवलं. खेळ हाय. शाळेत पण असंच म्हणायचं. जिंकलं की सायकल."

वहिनी आतून धावत आली आणि तिला उचलून घेऊन गेली. "खेळतीय ताई," म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. मी पुन्हा कामाला बसले, पण एकच ओळ पाचदा टाइप केली आणि पाचदा पुसली. म्हाताऱ्यांचे खेळ म्हणून मी गप्प बसले. गप्प बसायला नको होतं का? सायकलचं आमिष कशाला लागतं खेळाला?

८ जून, रविवार

भराभर लिहितेय, अक्षर लागलं नाही तरी चालेल.

आज सगळ्या ओळींवर साचा चालवला. तीनशे ब्याऐंशी पानं तयार झाली. ज्यांचे फोटो सापडले नाहीत त्यांची यादी खाली येते, त्यात चार जण होते. फाइलच्या नावात मध्ये मोकळी जागा पडली की असं होतं. एकेक उघडत गेले. चौथं पान, क्रमांक दोनशे सतरा.

शिवांजली गुरुलिंग शेटे. नांदूरघाट, ता. केज. वैवाहिक स्थिती: घटस्फोटित, विनापाश. अपत्य: नाही.

विनापाश म्हणजे मागं लेकरू नाही.

मी केलेल्या साच्यात, मी निवडलेल्या रंगात, मीच. आणि माझी पोरगी नाही. पिटुकल्या टूलला काय कळणार? त्याला दिलं ते त्यानं छापलं. मीच म्हणाले होते ना, ते आहे तसं उचलतं. हातच लावत नाही म्हणाले होते.

मग एकेक गोष्ट आपोआप जुळत गेली. शाळेतली दादाची सही. वडवणीची म्हातारी. आइस्क्रीम. आत्या. महिनाभर हे सगळं मी माझ्याच हातानं या वहीत लिहीत होते आणि मलाच दिसत नव्हतं. काय म्हणावं अशा बाईला!

९ जून

अण्णांना दुकानातच गाठलं. गिऱ्हाईक नव्हतं. पान दाखवलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. नाकारलं नाही.

"लेकरासकट कोण करतंय शिवू? दोन वर्सात सात स्थळं बघितली मी, तुला सांगितलं न्हाई. लेकरू म्हणलं की चहा बी पेत न्हाईत. बद्रीनाथ चांगला मानूस हाय. बायको वारली. त्यालाबी मागं कोण न्हाई."

"आन् संस्कृती?"

"ती कुठं जातीय? ह्याच घरात, केदारच्या पोटाशी. दत्तक लिव्हून घेऊ. त्याला लेकरू, तुला घर. तू आत्या म्हणून कव्हाबी ये. कोण अडवतंय?"

"मला विचारलं का?"

"विचारलं असतं तर हो म्हणली असतीस?"

अण्णांचे डोळे भरले होते. हेच तर वाईट आहे. ओरडले असते, हात उगारला असता, तर मी तावातावानं बॅग भरली असती. ते रडत होते. "मी किती दिवस पुरनार? माझ्यामागं केदारच्या दारात तू कोन? हितं परत आलेल्या पोरीला भावाच्या दारात काय जागा हाय, बघितलीस ना गावात?" बघितली आहे. म्हणूनच तर मला जायचंय.

संभाजीनगरचं सांगून टाकलं. ते म्हणाले, "नोकरी लागली का?" नाही. "खोली बघितली का?" नाही. "मग बस."

बसले. अजून बसलेलीच आहे.

११ जून

घरातलं कुणी वाईट नाही. सगळे माझं भलंच करताहेत, आणि त्या भल्यातून बाहेर पडायला दार सापडत नाही. भांडावं तर कुणाशी? दादा नजर चुकवतो. संस्कृती अजून सायकल मागते. काल तिला जवळ ओढून म्हणाले, "मी कोण?" ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली आणि म्हणाली, "काय म्हणलं की सायकल भेटंल?" सहा वर्षांच्या लेकराला हा सवाल पडावा! मी तिला पोटाशी धरून रडले, आणि ती बिचारी घाबरून "आई, आई" करायला लागली.

१३ जून

माझी ओळ शीटमधून काढून टाकायची, असं रात्रीपासून डोक्यात होतं. सोपं आहे. पण काढली तर उद्या दुसऱ्या मेळाव्यात, दुसऱ्या सूचीत घालतील, आणि तिथला साचा माझ्या हातात नसेल.

मग दुपारी शीट उघडली. हात लावत नाही म्हणाले होते, लावला. 'विनापाश' खोडलं. 'अपत्य' या रकान्यात लिहिलं: एक मुलगी. माझ्याजवळ आहे, माझ्याजवळच राहील.

साचा चालवला. पान तयार झालं. टूलला जर-तर कळत नाही, त्यानं का म्हणून विचारलं नाही. साइट चालू केली आणि उज्ज्वलाला लिंक पाठवून दिली. अण्णांना सांगायचा धीर झाला नाही. भित्री आहे मी, हे पण इथं नोंदवून ठेवते.

१५ जून, रविवार. मेळावा

बीडच्या मंगल कार्यालयात चारशे माणसं, पंखे सहा. स्टेजवर पडदा. अध्यक्षांनी नारळ फोडला, मी लॅपटॉपपाशी. सिदूमामा माइकवर म्हणाले, "आता कुणीबी एक नंबर सांगा, पान लगेच उघडंल!"

पुढच्या रांगेतून भिवराबाई ओरडल्या, "दोनशे सतरा लावा!" नंबर अण्णांनीच दिलेला असणार. शेजारच्या चार बायकांना होणारी सून दाखवायची होती त्यांना.

मी अण्णांकडं बघितलं. ते कौतुकानं मान हलवत होते. उघड, उघड, असं खुणावलं.

उघडलं.

पडद्यावर केवढी मोठी अक्षरं दिसतात! एक मुलगी. माझ्याजवळ आहे, माझ्याजवळच राहील. कुणीतरी मागून मोठ्यानं वाचलं. मग कुजबुज. भिवराबाई उठून उभ्या राहिल्या, "गुरुलिंगअण्णा, ह्ये काय हाय? तुमी तर काय म्हणलता?" अण्णा उठले नाहीत. मांडीवर टोपी ठेवली आणि टोपीकडं बघत बसले. भिवराबाई तावातावानं बाहेर निघाल्या. बद्रीनाथ दारात एकदा मागं वळून पडद्याकडं बघून गेले. मी पुढचा नंबर लावला. दुसरं काय करणार?

घरी आल्यावर अण्णांनी लॅपटॉप उचलला, दुकानातल्या कपाटात ठेवला, आमच्यात जानवं नसतं म्हणून किल्ली करदोट्याला बांधली. म्हणाले, "लोकांत बसायची जागा ठिवली न्हाईस." एवढंच.

१६ जून

पहिलीचा पहिला दिवस. संस्कृतीला मी घेऊन गेले. रजिस्टरात पालक म्हणून दादाचं नाव होतं. बाईंकडून कागद घेतला, तिथंच उभ्याउभ्या अर्ज लिहिला, आई म्हणून सही केली. बाई म्हणाल्या, दोन दिवसांत होईल. एवढंच तर होतं, आणि मला 'उन्हात जावं लागलं नाही' म्हणून मी खूश झाले होते!

घरात चूल दोन वेळा पेटते, पण जेवायला सगळे वेगवेगळे बसतात. सिदूमामांचा निरोप आला की साइट तूर्त बंद करा, मंडळाची बदनामी झाली. कशी बंद करू? लॅपटॉप कपाटात. उज्ज्वलाचं उत्तर नाही.

१९ जून, गुरुवार

सकाळी अण्णा अंघोळीला गेले आणि वहिनी माझ्या खोलीत आली. पदराखाली लॅपटॉप; कपाटाची दुसरी किल्ली तिच्याकडं असते. खाटेवर ठेवला.

"मला तुमच्या दादानी सांगितलं, तुमीच देताय म्हणून," ती म्हणाली. "शपथ घेते ताई. हिसकून घेतलेलं लेकरू मला काय करायचं?" मग तोंडात पदर कोंबून रडली. मी पण रडले. नऊ वर्षांत आम्ही दोघी एकमेकींशी असं कधी बोललोच नव्हतो.

साइटवर माझाच फोन नंबर आहे, अण्णांनीच टाकायला लावला होता, बायकांना बोलायला बरं म्हणून. दहा वाजता वडवणीचा नंबर आला. बद्रीनाथ.

"ताई, स्थळाचं न्हाई बोलत मी. ते आईनं मोडलं. येगळं काम हाय." मग म्हणाले, "माझ्या पानावर विनापाश लिव्हलंय. मला एक पोरगा हाय. नऊ वर्साचा. आजोळी ठिवलाय तीन वर्सं. लोकांना सांगतो, भाचा हाय म्हणून. तेवढं दुरुस्त होईल का?"

"होईल," मी म्हणाले. शीटमधली त्यांची ओळ उघडली.

"आन् त्याचं नाव टाकता यील का? राम."

दुपारपर्यंत आणखी तीन फोन. एक गेवराईची बाई, दोन लेकरं बहिणीकडं ठेवलेली. एक परळीचा म्हातारा, लेकीसाठी बोलत होता, तिचा पोरगा लपवलाय म्हणाला. एक जण नाव न सांगता नुसता क्रमांक सांगून म्हणाला, "माझं बी खरं करा."

अण्णा दुपारी परत दुकानात जायच्या आधी दारात थांबले. लॅपटॉप माझ्यासमोर उघडा होता. त्यांनी बघितला. किल्ली करदोट्यालाच होती. मी फोनवर त्या गेवराईच्या बाईला लेकरांची नावं विचारत होते, ते ऐकत उभे राहिले.

साच्यात लेकरांच्या नावाला रकानाच नव्हता. मी घातला.